शून्य पर्सेंटाइलची नीतिमत्ता

एमबीबीएसला आम्हाला नीतिमत्ता रीतसर शिकवतात. २०१९ पासून त्याला ‘एटकॉम’ असं नाव आहे. रुग्णाची संमती कशी घ्यायची, वाईट बातमी कशी सांगायची, दिलेला शब्द कसा पाळायचा, हे सगळं मी त्यात शिकले. आता इंटर्नशिप करता करता पीजीची तयारी करतेय आणि एकच प्रश्न पडतो: आमची निवड करणाऱ्यांना हा विषय कुणी शिकवला का?

नीट पीजी म्हणजे २०० प्रश्न, ८०० गुण. खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ५० पर्सेंटाइल. सप्टेंबर २०२३ मध्ये, काउन्सेलिंग चालू असताना, तो सर्व प्रवर्गांसाठी थेट शून्यावर आणला. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. उणे गुण मिळवणारासुद्धा.

सरकार म्हणतं, जागा रिकाम्या राहतात आणि ही मुलं एमबीबीएस झालेलीच आहेत. मान्य. कमी गुणांचा डॉक्टर वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या जागा कुठल्या, ते बघा. काही ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीच्या, ज्या कुणाला नको असतात. काही खासगी कॉलेजांतल्या, ज्या परवडत नाहीत. काही अभिमत विद्यापीठांत रेडिओलॉजीची तीन वर्षांची फी कोटीच्या वर जाते. वरच्या रँकची शेतकऱ्याची मुलगी ती जागा सोडते. खालच्या रँकचा, बापाचं हॉस्पिटल असलेला मुलगा ती घेतो. कटऑफ जितका खाली, तितकं पैशाचं वजन जास्त.

‘मग मुलाखती घ्या, स्वभाव तपासा,’ असं काही जण सुचवतात. आपल्याकडे मुलाखत म्हणजे ‘कुणाचा कोण?’ हे विचारणं. डोनेशनचे दिवस इतक्यात विसरलात?

माझं मागणं साधं आहे. कटऑफ परीक्षेआधी ठरवा, निकालानंतर त्याला हात लावू नका. जागा रिकामी राहिली तर फी कमी करा. आणि २२ जून २०२४ सारखी, मुलं परीक्षेच्या गावी पोचल्यावर, आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलू नका.

आम्ही रुग्णाला एक सांगून दुसरंच केलं, तर ते गैरवर्तन ठरतं, नोंदणीवर गदा येऊ शकते. निवड करणाऱ्यांनी तेच केलं, की त्याला ‘सुधारित सूचना’ म्हणतात.