रावेरखेडीचा फलक

रस्त्याच्या कडेला उभा केलेला ऐतिहासिक फलक ही वस्तू तशी उपेक्षितच. मोटारीतून जाणारा तो अर्धामुर्धा वाचतो, गुराखी त्याला पाठ टेकतो, आणि सरकारी खाते एकदा तो रोवून झाला की रंग उडेपर्यंत वळून पाहात नाही. तरीही एका मोठ्या पुरुषाची वाटचाल जेथे अर्ध्यावर खुंटली, तेथे फलकाने भलतेच सांगावे ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे. मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या दक्षिण तीरावरील रावेरखेडी हे असे स्थळ आहे.

२८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव पेशवे येथे ज्वराने निवर्तले. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी निजामाचा पुत्र नासिरजंग यास गोदातीरी नमवून हंडिया व खरगोन हे प्रांत तहात मिळविले होते, आणि त्यानंतर ते नर्मदेकडे वळले होते. १७३७ च्या मार्चात दिल्लीच्या वेशीशी जाऊन थडकलेल्या आणि वर्षअखेर भोपाळास निजामाला कोंडणाऱ्या या सेनानीला नर्मदेचे उतार नवखे नव्हते. या खेपेस मात्र वैशाखाच्या उन्हात छावणी काठावर थांबली ती थांबलीच. बंधू चिमाजी आप्पाही त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेले. वसई घेऊन त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती.

या मरणाभोवती जनश्रुतीने बरेच काही रचले आहे. लाखभर फौज दिल्लीच्या रोखाने निघाली होती, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. २०१५ च्या चित्रपटानंतर तर विरहाच्या कथेपुढे बाकी सारे फिके पडले. बोलक्या माणसाने हे बोलावे. फलक लिहिणाराने हा मोह आवरला पाहिजे. बाजीरावांना अतिशयोक्तीची गरज नाही. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेची वाखाणणी फील्ड मार्शल मॉंटगोमेरी यांच्यासारख्या जाणत्याने केली आहे, ती काही आमच्या आग्रहावरून नव्हे! लढायांची संख्या फुगवून लिहिल्याने पराक्रम वाढत नाही, उलट वाचणाराला बाकीच्या मजकुराचाही संशय येऊ लागतो.

पण फलकापेक्षा मोठा प्रश्न समाधीचा आहे. महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात ती बुडेल, ही धास्ती अनेक वर्षे व्यक्त होत आली आहे. विजेला आमचा विरोध नाही. धरणाच्या पाण्यात देवळे कशी जातात, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास गर्दी करतात. नागार्जुनसागरच्या वेळी नागार्जुनकोंडा येथील अवशेष उचलून टेकडीवर नेण्यात आले, हे स्तुत्यच झाले. तोच तोडगा येथेही सुचविणारे निघतील. तो आम्हांस मान्य नाही. शिल्प हलविले तरी शिल्पच राहते. नदीकाठी मृत्यू आला म्हणून नदीकाठी बांधलेली समाधी दुसरीकडे नेली तर उरतो तो केवळ दगडांचा ढीग. भिंत बांधून वा अन्य उपायाने ती जागच्या जागी राखली पाहिजे. जागा मध्य प्रदेशात असली तरी महाराष्ट्र सरकारने या कामी पत्र पाठवून मोकळे न होता खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी दाखवावी. शनिवारवाड्यासमोरील अश्वारूढ पुतळ्याला दरवर्षी हार घालणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

आता पुन्हा फलकाकडे. इंदूर-खंडवा रस्त्यावर सनावद येथे, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या नजरेस पडेल असा, आधी हिंदीत व मग मराठीत लिहिलेला फलक असावा. निमाडातील शेतकऱ्याला तो प्रथम वाचता आला पाहिजे, कारण समाधीची राखण अखेर तोच करणार. त्यावर बाजीरावांचे नाव, मृत्यूची तारीख, ते नव्या प्रांतांकडे आले असता ज्वराने वारले एवढा मजकूर, आणि खाली नदीपर्यंतचे अंतर व बाण. एवढे पुरे आहे.