सही करण्याआधी तारीख मोजा!

दारात मोटरसायकल थांबते. वसुलीवाला आईसमोर खुर्ची ओढून बसतो आणि पोराच्या थकलेल्या शैक्षणिक कर्जाचा आकडा शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात वाचतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "सध्या पाचशे भरा, या कागदावर सही करा, बाकीचं नंतर पाहू." देवरी असो की अर्जुनी मोरगाव, गोंदिया जिल्ह्यात आमच्या वस्त्यांमध्ये हे नवीन नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे: त्या सहीआधी तारीख मोजा.

1963 च्या लिमिटेशन ॲक्टनुसार, म्हणजे मुदतीच्या कायद्यानुसार, विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला सावकाराला तीन वर्षे मिळतात. बँकेलाही तेवढीच. शैक्षणिक कर्ज असो की क्रेडिट कार्ड, नियम तोच. हे घड्याळ साधारणपणे पैसे थकल्याच्या तारखेपासून चालते. मुदतीनंतर दावा आला तर कलम 3 प्रमाणे न्यायालयाने तो फेटाळायचा असतो, आपण तो मुद्दा मांडला नसला तरी.

मग त्या पाचशे रुपयांची आणि सहीची एवढी घाई का? कलम 18 वाचा. मुदत संपण्याआधी कर्ज कबूल करणारी लेखी सही दिली की तीन वर्षे नव्याने सुरू होतात. कलम 19 प्रमाणे मुदतीत थोडे पैसे भरले आणि त्याची नोंद आपल्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली, तरी तेच होते. मुदत संपून गेली असेल तर करार कायद्याचे कलम 25 आहे. "मी हे पैसे भरीन" असे सहीनिशी लिहून दिले की मेलेल्या दाव्यात पुन्हा जीव येतो. पाचशे रुपये हे गळाला लावलेले आमिष आहे. मासा म्हणजे आपली सही.

लोक अदालतीची नोटीस आली की घर हादरते. हादरू नका. ते अटकेचे वॉरंट नव्हे. पण तिथे केलेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, हेही विसरू नका. आणि हिशेब करताना 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा कोरोनाचा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला आहे, तो धरायला चुकू नका.

"कर्ज घेतले तर फेडायला नको का?" असे आम्हाला विचारले जाते. फेडावे. ज्याला जमते त्याने जरूर फेडावे. मुदत संपल्याने कर्ज पुसले जात नाही, सिबिलवरचा डागही लगेच जात नाही. जाते ती दावा लावून वसूल करण्याची ताकद. पण हेच प्रश्न मोठ्या कंपन्यांना कुणी विचारतो का? दिवाळखोरीच्या अर्जांनाही मुदतीचा कायदा लागू होतो, असे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये बी. के. एज्युकेशनल प्रकरणात सांगितले. तेव्हापासून कंपन्यांचे वकील "मुदत संपली" हे ताठ मानेने मांडतात. त्यांनी मांडले तर कायदेशीर मुद्दा, धानाच्या बांधावर राबणाऱ्या बापाच्या पोराने मांडला तर तो कर्जबुडवा! हा न्याय आम्हाला मान्य नाही.

कर्ज काढून शिकणे यात लाज कसली? 1920 मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला जाताना खुद्द बाबासाहेबांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. लाज वाटावी ती शिकलेल्या पोराला नोकरी न देणाऱ्या व्यवस्थेला.

मित्रांनो, विहारातल्या पुढच्या बैठकीत एक वही ठेवा. कुणाचे कर्ज कधीचे, शेवटचा हप्ता कधी भरला, शेवटची सही कधी दिली, हे लिहून काढा. न्यायालयाचे समन्स आले तर घरात दडून बसू नका, एकतर्फी हुकूम झाला तर मुदतीचा मुद्दा हातचा जाईल. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो हक्क आहे, मागून घ्या. आणि सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन आला तर रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला ऐकवा.

सही आपली आहे. ती भीतीपोटी देऊ नका.

जय भीम!