मानेवर वारा लागला तर

यंदा गणपतीत आरती संपल्यावर तिघांनी मला वेगवेगळं बाजूला घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: कयाक कोणती घेऊ आणि गळाचं सामान कोणतं? दोघांनी व्हिडिओ बघून यादीही करून ठेवली होती. ती यादी अमेरिकेतल्या तळ्यांत बास मासा धरणाऱ्यांची होती. सामान चांगलं आहे, पण ते गोड्या पाण्याचं. आपल्यासमोर अबू हलीफाचा खारा समुद्र आहे. म्हणून या वेळचं सदर कयाकवर.

आधी सामान, कारण ते सोपं आहे. बासवाले वापरतात ते बुटकं बेटकास्टर रीळ इथलं मीठ खाऊन लवकरच कुरकुरायला लागतं. आपल्याला ४००० आकाराचं, खाऱ्या पाण्यासाठी केलेलं स्पिनिंग रीळ बरं. रॉड सात फुटांचा घ्या. कयाकवर आखूड रॉड सोयीचा वाटतो, पण लागलेला मासा नाकाखालून पलीकडे गेला की दोरी पुढून फिरवून घ्यायला लांबी लागते. दोरी २० ते ३० पौंडांची ब्रेड, तिच्या पुढे दोन-तीन हात ४० पौंडांचा फ्लोरोकार्बन. लहानपणी मुरुडला किंवा मालवणला ज्यांनी तंगूस बोटाला गुंडाळून गरवलं आहे, त्यांनी ती सवय विसरावी. ताणलेली ब्रेड बोट कापते.

हामूर म्हणजे आपला हेकरू. तो गळाला लागताच कपारीकडे धाव घेतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन हातांतच त्याला वर उचलायचा. नकरूर, म्हणजे आपला करकरा, कोलंबीच्या तुकड्यावर छान येतो. चनद म्हणजे सुरमई. तिच्या दातांपुढे फ्लोरोकार्बन टिकत नाही, वीतभर तार लावावी लागते. पापलेटच्या आशेवर कुणी असेल तर त्यानं फहाहीलचा मासळीबाजार गाठावा, ते जाळ्यातच येतं. ड्रॅग कधी पूर्ण आवळू नका. किनाऱ्यावर आपले पाय वाळूत रोवलेले असतात, कयाकवर मोठा मासा आपल्यालाच ओढत नेतो. ओढू द्यावं, तो दमतो. घाईनं बाजूला वाकलेला माणूस पाण्यात जातो.

कयाक वर बसायची घ्यावी, आत पाय घालायची नको. पाणी वर आलं तरी भोकांतून निघून जातं, आणि उलटली तर पुन्हा चढता येतं. लांबी अकरा-बारा फूट. इथेच आपल्या लोकांचं गाडं अडतं, कारण सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बारा फुटांची वस्तू नेणार कशी? लिफ्टमध्ये ती मावत नाही. मग हवा भरायची कयाक घ्यावीशी वाटते. घ्या, पण ती पाण्यावर फुग्यासारखी तरंगते आणि वाऱ्याबरोबर जाते. किनाऱ्यालगत, वारा नसताना, मुलांना घेऊन फिरायला ठीक. गरवायला नको.

आता मुख्य गोष्ट. गेल्या डिसेंबरातला एक शुक्रवार. सकाळी सात वाजता पाणी परातीतल्या तेलासारखं होतं, लाट म्हणून नाही. वल्हं मारायलाही कष्ट पडेनात आणि मला वाटलं, वा, आज हात चांगला चालतोय. गळ टाकला, दोन नकरूर मिळाले. मान वर केली तेव्हा अबू हलीफाच्या इमारती काड्यापेट्यांएवढ्या दिसत होत्या. वळलो आणि वारा तोंडावर आला. पहाटेच सुटलेला शमाल होता तो. अर्धा तास वल्हवलं तरी इमारती तेवढ्याच. शेवटी सरळ किनारा धरायचा नाद सोडला, तिरकं दक्षिणेकडे वल्हवत राहिलो आणि अडीच तासांनी मंगाफच्या बाजूला वाळूला लागलो. हात कोपरापासून थरथरत होते. फोन गाडीत होता, त्यावर बायकोचे अकरा मिस्ड कॉल. ती काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

कोकणातल्या कोळ्यांना हे शिकवावं लागत नाही. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला ते मतलई म्हणतात आणि पहाटे त्याच वाऱ्यावर शिडाच्या होड्या बाहेर काढत. दुपारी समुद्राकडचा वारा त्यांना परत आणी. शमाल हा मतलईचा दांडगा भाऊ समजा, पण हा दुपारी परत आणेल याची हमी नाही. आपला किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि शमाल येतो वायव्येकडून, म्हणजे जमिनीवरून. इमारतींच्या आडोशाला काठचं पाणी सपाट राहतं. लाटा उठतात त्या आत, लांब. काठावर उभ्या माणसाला दिसतो तो फसवा समुद्र. आणि बाहेर गेलात तर त्या बाजूचं पहिलं बेट कुब्बर, तीस किलोमीटरहून लांब.

म्हणून माझी खूण सोपी आहे. पाण्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. वारा मानेवर लागला तर कयाक गाडीवरून उतरवायची नाही. चेहऱ्यावर लागला आणि हलका असला तर जावं. लाटा थोडा त्रास देतील, पण दमलात तर वारा घरी आणेल. वारा काठाला समांतर असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे उत्तरेचा असेल तर महबूल्याकडे, आणि दमल्यावर त्याच्याबरोबर परतायचं. दक्षिणेला मीना अल अहमदीच्या बंदराकडे सरकूच नका. तिथे टँकरांची ये-जा आणि कडक पहारा आहे.

नांगराचंही ऐका. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण दोरी नाकाला किंवा शेपटीलाच असावी. मध्ये, बाजूला बांधली तर ओढ लागताच कयाक कलंडते. तळ खडकाळ आहे, नांगर अडकतो. म्हणून साखळी नांगराच्या बुडाला बांधायची आणि वरच्या कडीला फक्त एका बारीक प्लॅस्टिक पट्टीनं अडकवायची. जोरात ओढलं की पट्टी तुटते आणि नांगर उलटा सुटून येतो. नाहीच सुटला तर दोरी कापायला चाकू लाइफ जॅकेटवर हवा. गरगूरच्या तरंगत्या खुणांना कयाक बांधू नका, ते दुसऱ्याच्या पोटाचं साधन आहे.

जॅकेट अंगात हवं, सीटमागे नव्हे. शिट्टी, जलरोधक पिशवीत फोन आणि सिव्हिल आयडी, तेही अंगावरच. आपत्कालीन नंबर ११२. वल्ह्याला दोरी. उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला, म्हणजे पाकट असलं तर आधीच सरकतं. आता दिवाळीनंतर हवा सुखाची होते, पण जानेवारीत पाणी पंधरा अंशांपर्यंत उतरतं. वरून ऊन छान असलं तरी पडल्यावर हात लवकर बधिर होतात. म्हणून कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटून पुन्हा चढायचा सराव आत्ताच करा. पोटावर आडवं पडायचं, पायांनी पाणी मारत वर सरकायचं, मग वळून बसायचं. मला पहिल्यांदा सहा प्रयत्न लागले. भरतीचं गणित कॅलेंडरवर आहेच: लक्ष्मीपूजनाच्या अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. नव्या माणसानं भांगाचे दिवस धरावेत, ओढ कमी असते.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. ड्रॅग सैल करून वाळत ठेवा. माझी कयाक जिन्याखाली असते. हारिसनं जागा दिली आहे, भाडं घेत नाही. पण शुक्रवारी मी रिकाम्या हातानं आलो की तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्यापेक्षा भाडं परवडलं असतं.