हातमोज्यातील जागा

गेल्या पावसाळ्यात गावचे जुने घर रिकामे करताना वडिलांच्या ट्रंकेत, सातबाराच्या उताऱ्यांखाली, माझ्या लहानपणीचे एक चित्रांचे पुस्तक सापडले. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी तालुक्याच्या बाजारात ग्रंथप्रदर्शनाची मोटार आली होती. प्राथमिक शिक्षक असलेल्या वडिलांनी दीड रुपयाला ते घेतले. मॉस्कोला छापलेले, मराठी मजकुराचे, जाड कागदाचे आणि आमच्या गावाने कधी न पाहिलेल्या रंगांचे.

गोष्ट साधी आहे. बर्फात एका म्हाताऱ्याचा हातमोजा पडतो. त्यात उंदीर शिरतो. मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. प्रत्येक जण विचारतो, मला जागा आहे का? आतले कुरकुरतात, पण सरकून घेतात. येवगेनी राचोव या चित्रकाराने त्या हातमोज्याला हळूहळू शिडी, खिडकी आणि धुराडेही काढले आहे. आम्ही याला ‘रशियन पुस्तक’ म्हणत असू. वास्तविक ही युक्रेनी लोककथा आहे, हे मला फार उशिरा कळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, त्यानंतर ही चित्रे पाहताना मन स्वस्थ राहत नाही.

असे पुस्तक दीड रुपयात कसे मिळत होते? आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. रंगीत छपाईत मोठा खर्च एकदाच होतो. प्रती जितक्या अधिक, तितका दर प्रतीमागचा खर्च कमी. चित्रे एकदम मोठ्या संख्येने छापायची आणि प्रत्येक भाषेसाठी फक्त काळ्या मजकुराचा छाप बदलायचा, ही त्यातली युक्ती. उरलेला भार सोव्हिएत सरकार सोसत होते. त्या देशाशी आपला व्यापार रुपयांत चाले, त्यामुळे परकीय चलनाचीही अडचण नव्हती. थोडक्यात, ती किंमत बाजाराने ठरवलेली नव्हती. एका राज्यसंस्थेने ठरवलेली होती. डिसेंबर १९९१ मध्ये ते राज्य संपले आणि पुस्तकांचा तो ओघही आटला.

या आठवणीने आपल्यापैकी अनेक जण गहिवरतात. मीही गहिवरलो. पण लोकशाही समाजवाद्याने तेथेच थांबणे बरे नव्हे. ज्या राज्याने मुलांना ही चित्रे दिली, त्याच राज्याच्या ‘प्रावदा’ने १९३६ साली व्लादिमिर लेबेदेव या बालपुस्तकांच्या थोर चित्रकारावर झोड उठवली. मुलांसाठी विलक्षण गमतीच्या गोष्टी लिहिणारा दानील खार्म्स १९४२ साली लेनिनग्राडच्या तुरुंगातील रुग्णालयात मरण पावला. स्वस्त पुस्तक आणि मुका केलेला लेखक ही जोडी अपरिहार्य आहे काय? मला तसे वाटत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ साली याच देशात उभ्या राहिल्या. नेहरू बाल पुस्तकालयाने एकच चित्रे अनेक भारतीय भाषांत नेली. युक्ती तीच होती, आणि त्यासाठी कोणा लेखकाला तुरुंगात जावे लागले नाही. उणीव राहिली ती पुस्तक मुलाच्या हातापर्यंत पोचवण्याची.

ही उणीव कायद्यातील नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असेही त्यात आहे. तरीही अनेक शाळांत पुस्तकांचे कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे. पुस्तक फाटले तर जबाबदार कोण, ही त्यामागची भीती. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या समितीत दोनच गोष्टींचा आग्रह धरावा: ग्रंथालयाच्या पैशांतून चित्रांची पुस्तके घ्यावीत, आणि वापराने फाटलेले पुस्तक हा खर्च मानावा, गुन्हा नव्हे.

हा आग्रह मी इतक्या आस्थेने का धरतो, तेही सांगतो. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या बालअक्षरांत अकरा नावे आहेत. गल्लीतल्या ज्यांना मी ते वाचायला दिले, त्यांची ती यादी. त्यातले एक नाव खोडलेले आहे. तो मुलगा वर्गात माझ्या शेजारी बसे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. त्याने पुस्तक परत आणले तेव्हा मुखपृष्ठ सुटलेले होते. मी चारचौघांत त्याला बोललो आणि पुन्हा पुस्तक दिले नाही. त्यानेही पुन्हा मागितले नाही. पुढच्या हंगामात तो आईवडिलांबरोबर गेला आणि शाळेत परतला नाही.

आता नीट पाहिले तर त्या पुस्तकाच्या शिवणीचा दोराच कुजलेला दिसतो. कदाचित तो आधीच कुजू लागला असेल. पण समजा, त्याने फाडले असते, तरी काय झाले असते? ज्या गोष्टीत अस्वलालाही जागा मिळाली, ती गोष्ट मी माझी खाजगी मालमत्ता मानली. गावात सर्वांच्या मालकीचे एक जरी चित्रांचे पुस्तक असते, तर त्या मुलाला माझ्या मेहेरबानीची गरज पडली नसती.