मुकी साक्ष

भातकापणी आटोपली की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर कबड्डीची मैदाने पुन्हा आखली जातात. रायगड जिल्ह्याला या खेळाचे वेड आहे आणि ते वेड आम्हांस प्रिय आहे. परंतु मैदानात उतरणाऱ्या कोळ्याच्या वा आगऱ्याच्या मुलाच्या डोळ्यांपुढे आज केवळ ढाल नसते. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या पाच टक्के शासकीय जागांपैकी एखादी जागाही त्याला खुणावीत असते. त्यात गैर काही नाही. मात्र खेळ हे पोटाचे साधन झाले की त्याच्या मागोमाग सुई येते, हा सर्व देशांचा अनुभव आहे. रायगडात असे घडते, असा आमचा आरोप नाही. घडले तर ते सांगणार कोण, एवढाच आमचा प्रश्न आहे.

२०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची वार्ता पसरली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीस एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे नाहीसे झाले. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया मात्र मागे राहिल्या. रक्तदाब खालावलेल्या रुग्णासाठी असलेले मेफेन्टरमिन व्यायामशाळांतील तरुणांना विकल्याबद्दल पुण्यात पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले आहेत. नमुना बोलतो, सुई बोलते. ती सुई कोणी आणून दिली, हे मात्र माणसानेच सांगावयाचे असते, आणि नेमका तोच बोलत नाही.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गातील तावदान फुटले की चाळीस मुलांपैकी एकालाही काही दिसलेले नसे. त्या मौनाचे आम्हांस पुष्कळदा कौतुकही वाटे. पण काही मुले मित्रप्रेमाने गप्प राहत आणि काही मधल्या सुटीतल्या माराच्या भयाने, हे उमगावयास आम्हांस फार दिवस लागले. दोन्ही मौने वरून सारखीच दिसतात.

अमेरिकेने या मौनावर तुरुंगाचा उपाय करून पाहिला. तेथे ग्रँड ज्यूरी म्हणून नागरिकांचे एक मंडळ असते. खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, हे ते बंद दाराआड ठरविते. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याचा प्रशिक्षक ग्रेग अँडरसन याने अशा मंडळापुढे साक्ष देण्याचे नाकारले. स्वतःचा गुन्हा त्याने २००५ सालीच कबूल केला होता. तरीही मित्राविरुद्ध तो बोलेना, म्हणून २००६ च्या जुलैपासून त्याला वारंवार कोठडीत धाडण्यात आले. तेथे त्याचे वर्षाहून अधिक दिवस गेले. २०११ साली प्रत्यक्ष खटल्यातही त्याने तोंड उघडले नाही आणि पुन्हा तुरुंग पत्करला. फलनिष्पत्ती काय? बाँड्सवरचा न्यायात अडथळा आणल्याचा एकच आरोप शाबीत झाला आणि २०१५ साली वरच्या न्यायालयाने तोही रद्द ठरविला. याच प्रकरणातील गुप्त जबान्या प्रसिद्ध करणाऱ्या सॅन फ्रॅन्सिस्कोच्या दोन पत्रकारांना, त्या कोणी पुरविल्या हे सांगत नाहीत म्हणून, अठरा महिन्यांची कैद फर्मावण्यात आली होती. एका वकिलाने आपणच त्या फोडल्याची कबुली दिल्यामुळे ती टळली. आमच्या व्यवसायबंधूंचे मौन आम्ही अँडरसनच्या पंक्तीस बसविणार नाही. त्यांनी बोलणाऱ्याचे रक्षण केले; त्याने न बोलण्यानेच आपल्या धन्याला वाचविले.

आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. २०१६ च्या जुलैत त्याच्या नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडले. सोनीपतच्या छावणीत कोणी तरी ते आपल्या अन्नपाण्यात मिसळले, असे त्याने सांगितले. नाडाच्या मंडळाने १ ऑगस्टला ते मान्य केले; १८ ऑगस्टला, रिओच्या आखाड्यात उतरण्याच्या तोंडावर, क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. तो दोषी की निर्दोष, हे आम्ही ठरवीत नाही. जे घडले ते छावणीतील कोणी तरी पाहिले असण्याचा संभव मोठा होता. परंतु लवादापुढे टिकेल असा पुरावा उभा राहिला नाही. लवादाला कोणास तुरुंगात धाडता येत नाही आणि तसे करता आले असते तर सत्य बाहेर आले असते, असे अँडरसनची कथा वाचून तरी वाटत नाही.

आरोपीला स्वतःविरुद्ध बोलण्यास भाग पाडू नये, हे आपल्या घटनेचे वचन आहे आणि ते अभंग राहिले पाहिजे. प्रश्न आरोपीचा नाही. बाजूला उभे राहून पाहणाऱ्याचा आहे. त्याच्या हाती आज काय आहे? जागतिक उत्तेजकविरोधी संहितेने २०२१ पासून, खबर देणाऱ्यास धमकावणे हाच स्वतंत्र अपराध मानला आहे. महत्त्वाचे साहाय्य करणाऱ्या दोषी खेळाडूची तीन-चतुर्थांशपर्यंत बंदी स्थगित करण्याचीही सोय आहे. कागदावर हे उत्तम आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना गंभीर गुन्ह्यांपुरती आहे आणि खेळाडूने उत्तेजक घेणे हा आपल्या कायद्याने फौजदारी गुन्हाच नाही. तेव्हा मुरूडच्या एखाद्या मुलाने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तोंड उघडले, तर त्याच्या दाराशी शिपाई उभा राहणार नाही. खरे म्हणजे त्याला शिपाई नकोच आहे. त्याला संघातली जागा हवी आहे आणि नोकरीच्या अर्जास जोडावयाचे प्रमाणपत्र हवे आहे. आणि या दोन्ही गोष्टी ज्यांच्याविरुद्ध तो बोलणार, त्यांच्याच किंवा त्यांच्या स्नेह्यांच्या मुठीत असतात.

म्हणून राज्याच्या क्रीडा खात्याकडे आमचे मागणे तुरुंगाचे नाही. उत्तेजकाच्या चौकशीत साक्ष देणाऱ्या खेळाडूची निवड आणि त्याचे प्रमाणपत्र, चौकशी पुरी होईपर्यंत, संबंधित संघटनेच्या हातून काढून खात्याने स्वतःकडे घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागेल असे आम्हांस वाटत नाही. एक शासन निर्णय पुरेल. यंदाचे सामने सुरू होण्यापूर्वी तो निघावा.