जुन्या गेमपॅडला मोठी बटणे

गेमपॅडचे बटण अंगठ्याच्या पेराएवढेही नसते. ते दाबायला बोटे नेमकी वळावी लागतात आणि दोन्ही हात एकदम चालावे लागतात. पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा क्षय झालेल्या व्यक्तीला नेमके तेच जमत नाही. खेळ डोक्यात पक्का बसलेला असतो. अडते ते बटणापाशी.

यावरचा उपाय आर्केड खेळांच्या शौकिनांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. घरच्या संगणकावर जुने व्हिडिओ गेम खेळताना त्यांना आर्केडचीच मोठी बटणे हवी असतात. म्हणून ते गेमपॅड उघडतात. बटणाखालच्या रबरी टोपीला आतून कार्बनचा ठिपका असतो. बटण दाबले की तो सर्किट बोर्डवरच्या दोन पट्ट्या जोडतो आणि विद्युतमार्ग पूर्ण होतो. त्या पट्ट्यांना तारा सोल्डर करून मोठ्या बटणाच्या मायक्रोस्विचला जोडल्या की झाले. संगणकाच्या लेखी तो पूर्वीचाच गेमपॅड. अनेक पॅडमध्ये यातली एक पट्टी सर्व बटणांना सामाईक असते. ते आधी मल्टिमीटरने तपासावे. यूएसबीचा दाब अवघा ५ व्होल्ट, त्यामुळे शॉकची भीती नाही. सोल्डरिंग करताना मात्र खोली हवेशीर असावी आणि काम संपल्यावर हात धुवावेत.

मोठे बटण तळहाताने, कोपराने, पायानेही दाबता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या 'एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर'चे तत्त्व हेच. बाहेरची बटणे जोडण्यासाठी त्याला ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक आहेत. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १०० डॉलर होती. बटणांचा खर्च वेगळा. मध्यमवर्गीय भारतीय घराला हे सहज परवडणारे नाही.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार करमणुकीत बरोबरीने सहभागी होण्याच्या हक्काला चालना देणे सरकारचे कर्तव्य आहे. तो हक्क कागदावरून घरात आणायला फार मोठा निधी लागत नाही. जुना गेमपॅड, चार बटणे, थोडी तार आणि सोल्डरिंग येणारा आयटीआयचा विद्यार्थी एवढे पुरते. मात्र कोणता स्नायू वापरायचा, बटण किती उंचीवर बसवायचे, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच ठरवावे. जागा चुकली तर मान आणि खांदा दुखावतो. म्हणून आयटीआयची कार्यशाळा आणि रुग्णालयाचा पुनर्वसन विभाग यांनी एकत्र काम केले पाहिजे. खेळ ही चैन नव्हे. मित्रांच्या बरोबरीने खेळता येणे हाही पुनर्वसनाचाच भाग आहे.