लस तयार आहे, गाय मेली आहे!



शेतकरी अडाणी आहे, तो नवे विज्ञान स्वीकारत नाही, असे शहरातली विद्वान मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली. लम्पीच्या साथीने हे उलटे सिद्ध केले. शेतकरी लसीसाठी दवाखान्याच्या दारात उभा होता. लस प्रयोगशाळेत तयार होती. मध्ये उभे होते ते सरकार.

आधी रोगाची ओळख. लम्पी त्वचारोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ साली, आफ्रिकेतल्या झांबियात. रोगाचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या कुळातला. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो या गोठ्यातून त्या गोठ्यात नेतात. माणसाला तो होत नाही. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज. गाभण गाय गाभडते, दुभती आटते, बैल उभा राहत नाही. मरणाचे प्रमाण साधारणपणे शेकडा एक ते पाच. कागदावर हा आकडा लहान दिसतो. ज्याच्या दावणीला एकच गाय आहे, त्याच्या घरी मरणाचे प्रमाण शेकडा शंभर असते.

भारतात हा रोग ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात दिसला. २०२२ साली त्याने देशभर थैमान घातले. त्या एका वर्षात दीड लाखाहून अधिक जनावरे गेली, आणि हा आकडा सरकारी आहे. गावाबाहेर खड्डा खणून पुरलेली आणि तलाठ्याच्या वहीत न पोहोचलेली जनावरे त्यात नाहीत.

शास्त्रज्ञांनी काम चोख केले

आता दुसरी बाजू ऐका. २०१९ मध्येच रांचीच्या आजारी गायींतून आपल्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने, म्हणजे घोड्यांच्या संस्थेने, इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेला बरोबर घेऊन तो पेशींवर ५० वेळा वाढवला. असे करता करता विषाणू दुबळा होतो. रोग देत नाही, प्रतिकारशक्ती मात्र देतो. १० ऑगस्ट २०२२ रोजी दोन केंद्रीय मंत्र्यांनी समारंभ करून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस देशाला अर्पण केली. फोटो निघाले, भाषणे झाली.

त्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात लम्पीची जनावरे सापडू लागली होती. मग सप्टेंबरमध्ये सारे राज्य 'नियंत्रित क्षेत्र' झाले. बाजार बंद, वाहतूक बंद, शर्यती बंद. आणि आपल्या जनावरांना टोचली ती कोणती लस? शेळीच्या देवीची! दोन्ही विषाणू एका कुळातले, म्हणून तिचाही उपयोग होतो. आणीबाणीत जे हाताशी होते ते वापरले, त्याबद्दल रात्रंदिवस फिरलेल्या पशुवैद्यकांना दोष नाही. पण ज्या रोगासाठी खास लस बनवली, तिचे समारंभपूर्वक उद्घाटनही झाले, ती गोठ्यात का नव्हती?

उत्तर एका शब्दाचे आहे : परवाना. लम्पीच्या खास लसीला केंद्रीय औषध नियंत्रकाचा व्यापारी परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये, बायोव्हेट या कंपनीच्या लसीला. उद्घाटनापासून मोजा. अडीच वर्षे!

इतकी घाई करता येते तर!

कोणी म्हणेल, लस ही जोखमीची चीज, तपासायला वेळ लागणारच. मान्य. मग करोनाचे काय झाले? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या विषाणूवरून लस करायचे मे २०२० मध्ये ठरले आणि ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला आणीबाणीची मंजुरी मिळाली. आठ महिनेही नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे निकाल यायचे होते. ती कंपनी भारत बायोटेक. लम्पीची बायोव्हेट तिच्याच घरची. कारखानदार तेच, देश तोच, सरकार तेच. मग फरक कशात? तिथे मरणारा माणूस होता, इथे शेतकऱ्याचे जनावर होते.

माणसाचा जीव मोठा, यात वाद नाही. आणि चाचण्या न करता जनावरांना लस टोचा, असेही आमचे म्हणणे नाही. जिवंत विषाणूची लस निष्काळजीपणे बनली तर तीच रोग पसरवील, हे आम्हालाही कळते. प्रश्न तपासणीचा नाही, तारखेचा आहे. मनात आणले तर फाइल पळते, हे एकदा देशाने पाहिले आहे.

या देशात पशुवैद्यकाच्या संशोधनाचे काम १८८९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाले. तीच संस्था पुढे मुक्तेश्वरला आणि इज्जतनगरला वाढली. ज्या बुळकांडीने गावेच्या गावे निर्बैल केली, ती लसीच्या जोरावर २०११ साली जगातून नाहीशी झाली. विज्ञान शेतकऱ्याचे वैरी नाही. विज्ञान आणि गोठा यांच्यामध्ये बसलेला बाबू वैरी आहे.

भरपाईची भीक

२०२२ च्या साथीत मेलेल्या जनावराची भरपाई ठरली ती दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. दिवसाला पंधरा लिटर दूध देणारी संकरित गाय तीस हजारांत कोणी आणून दाखवावी! आणि जे मेले नाही पण कायमचे आटले, त्याचे काय? बंद बाजारामुळे जे जनावर विकता आले नाही, त्याचे काय? त्यांच्यासाठी भरपाईच्या कागदात रकानाच नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत पुढच्या मागण्यांवर ठराव करावा :

१. जनावरांच्या लसीच्या अर्जावर परवाना कार्यालयाने ठरलेल्या मुदतीत होय किंवा नाही सांगावे. नाही म्हटले तर कारण लेखी द्यावे.

२. २९ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात लम्पी लसीच्या उत्पादनाचा करार पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी झाला. त्या दिवसापासून किती मात्रा तयार झाल्या, कोणत्या जिल्ह्याला किती गेल्या, याचा हिशेब जाहीर व्हावा.

३. तंत्रज्ञान एकाच कारखान्याच्या ताब्यात न ठेवता, जो दर्जा राखील त्याला द्यावे. लस खुल्या बाजारात मिळावी.

४. मंजुरीच्या दिरंगाईत मेलेल्या जनावराची भरपाई बाजारभावाने मिळावी.

आम्हाला लस फुकट नको. शेतकरी आपल्या गायीसाठी मात्रेचे पैसे मोजायला तयार आहे. फुकटाची वाट पाहता पाहता दावण रिकामी होते. साथ पावसाळ्यात माश्यांबरोबर येते. ती कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. तेव्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्याकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा हात जोडून जाऊ नका. तारीख विचारा, आणि ती लिहून घेतल्याशिवाय उठू नका.